गॅरेजचं दार परत वर जातंय ना?

अमेरिकेतल्या उपनगरी घरात सगळ्यांत जड हलती वस्तू कोणती, तर गॅरेजचं दार. दोन गाड्यांच्या गॅरेजचं दार सहसा १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच असतं. साध्या पोलादी पत्र्याचं असलं तरी वजन ७० किलोच्या आसपास भरतं, आत इन्सुलेशन असेल तर १०० च्याही वर जातं. न्यू जर्सीत एडिसनसारख्या गावात घराच्या मुख्य दारापेक्षा याच दाराने जास्त ये-जा होते. शाळेच्या बसमधून उतरलेली मुलं इथूनच आत शिरतात, सायकली इथूनच निघतात, बॉल घरंगळत इथेच येतो. त्याच वेळी घरातलं कुणी बटण दाबतं आणि हे ओझं डोक्यावरून खाली यायला लागतं.

आमचं दार वर जाताना कण्हायला लागलं, तेव्हा टेक्निशियनला बोलावलं. त्याचं काम होईपर्यंत मी शेजारी उभी होते. जे पाहिलं ते लिहिते आहे, कारण त्यातला मोठा भाग घरच्यांनीच दर महिन्याला करायचा असतो आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांत ते कुणी सांगितलेलंच नसतं.

त्याने रिमोटला हातही लावला नाही. दार बंद केलं, छतालगतच्या दांड्यावरून लोंबणारी लाल मुठीची दोरी ओढली आणि मोटर दारापासून सोडवली. मग दार हाताने कमरेएवढं उचललं आणि हळूच सोडलं. तोल बरोबर असलेलं दार तिथेच थांबतं. आमचं सरकत सरकत फरशीवर आलं. “मोटर दार उचलत नाही, स्प्रिंग उचलते,” तो म्हणाला. “मोटर फक्त ढकलायला असते.”

ही स्प्रिंग दाराच्या वर, आडव्या दांड्यावर पीळ देऊन बसवलेली असते. दांड्याच्या दोन्ही टोकांना तारेचे ड्रम असतात आणि त्यांवरून उतरलेल्या तारा दाराच्या खालच्या कोपऱ्यांना धरून असतात. नेहमीच्या स्प्रिंगचं आयुष्य साधारण १०,००० वेळा उघडझाप एवढं धरतात. दिवसातून चार वेळा दार उघडलं-मिटलं तर सातेक वर्षं. त्याआधी ती सैल पडत जाते आणि खरा धोका इथून सुरू होतो. स्प्रिंग सैल झाली की मोटरला दार पेलत नाही, ते अडखळतं. मग कुणीतरी शिडीवर चढून मोटरच्या जोराचा स्क्रू थोडा वाढवतं. दार पुन्हा सुरळीत चालतं आणि सगळे खूश होतात. पण वाटेत काही आलं की थांबायचं, हे मोटरला कळतं ते विरोध जाणवल्यामुळे. जोर वाढवला की तो विरोध तिला जाणवेनासा होतो. आमच्या मशीनचाही स्क्रू आधीच्या कुणीतरी असाच वाढवून ठेवलेला होता.

ते त्याने डोळ्यांसमोर दाखवलं. मोटर पुन्हा जोडली, उंबऱ्यावर दाराच्या मध्याखाली लाकडाची एक फळी आडवी ठेवली. इथे तिला टू-बाय-फोर म्हणतात, जाडी दीड इंच. बटण दाबलं. दार खाली आलं, फळीवर टेकलं आणि तसंच दाबत राहिलं. खरं तर फळीला लागल्यावर दोन सेकंदांच्या आत दार परत वर गेलं पाहिजे. फळीच्या जागी काय असू शकलं असतं, हे आम्हा दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

स्प्रिंगचं काम मात्र त्याने मला मागे सरायला सांगून केलं. दार बंद, मोटर सोडवलेली, दोन पोलादी सळया. एक सळई स्प्रिंगच्या टोकाच्या भोकात घालायची, पाव वळसा द्यायचा, दुसरी पुढच्या भोकात घालून धरायची आणि मगच पहिली काढायची. एका सळईचा भार दुसरीने घेतल्याशिवाय हात सुटत नाही. स्प्रिंगवर लांबीभर रंगाची एक सरळ रेघ असते. पीळ वाढतो तशी ती रेघ गोल गोल फिरते आणि तिच्यावरून वळसे मोजता येतात. सात फुटी दाराला एकूण साडेसात वळसे लागतात, म्हणजे असे तीसेक पाव वळसे. हे काम व्हिडिओ बघून घरी करू नये, पैसे वाचवण्यासाठी तर मुळीच नाही. सळई निसटली तर मनगट किंवा जबडा मोडतो. दाराच्या खालच्या कोपऱ्यातल्या, तारा धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांनाही हेच लागू आहे, त्यांवर कायम ताण असतो.

पीळ बसल्यावर त्याने मोटरचा जोर उतरवला आणि फळी पुन्हा ठेवली. दार टेकलं आणि लगेच वर गेलं.

ही सोय कंपन्यांनी आपणहून सगळीकडे दिली असं झालेलं नाही. मार्च १९८२ पासूनच्या नोंदी पाहून अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने सांगितलं, की २ ते १४ वर्षांची सुमारे ६० मुलं आपोआप चालणाऱ्या दारांखाली अडकून दगावली. १९९० मध्ये संसदेने कायदा केला. १९९१ पासून बनणाऱ्या प्रत्येक घरगुती मशीनला अडथळ्यावरून परत वर जाणं सक्तीचं झालं. १९९३ पासून त्याच्या जोडीला दुसरी, वेगळी राखण आली. बहुतेक घरांत ती म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंचे फोटो-आय. जुनं घर घेतलं असेल आणि दाराजवळ हे डोळे दिसत नसतील, तर मशीन दुरुस्त करत बसू नका, बदला.

हे डोळे फरशीपासून जास्तीत जास्त सहा इंचांवर लावायचे असतात, कारण रांगणारं मूल त्याच उंचीवर असतं. टेक्निशियनने दार खाली येत असताना झाडूचा दांडा दोन डोळ्यांमधल्या किरणाच्या आड धरला, दार वर गेलं. मग मऊ फडक्याने काचा पुसल्या, कोळिष्टक काढलं. सायकलचा धक्का लागून एक डोळा वाकडा झाला होता, तो सरळ केला. डोळे नीट जुळले नाहीत की दार रिमोटने बंद होत नाही, आणि इथे माणसं दोन वाईट गोष्टी करतात. काही जण दोन्ही डोळे काढून छताजवळ समोरासमोर चिकटवतात. काही जण भिंतीवरचं बटण दाबून धरतात. तसं धरलं की बहुतेक मशीनांत डोळ्यांना न जुमानता दार खाली येतं. मुलं ही युक्ती फार लवकर उचलतात. म्हणून बटण पाच फुटांच्या वर हवं आणि जिथून दाबायचं तिथून अख्खं दार दिसायला हवं.

शिवाय हे डोळे एका रेषेतच पाहतात. दाराच्या मुठीला लोंबकळत वर जाणारं मूल त्यांना दिसत नाही, फळ्यांच्या सांध्यात घातलेली बोटंही दिसत नाहीत. दार मिटताना वाकलेले सांधे सरळ होतात आणि मध्ये आलेलं बोट चिरडतं. नव्या दारांत बोट शिरणार नाही असे सांधे मिळतात, बदलताना तेच मागावेत. धावत दाराखालून निसटायचा खेळ तर घरात एकदाही चालवून घेऊ नये.

हे सगळं चाललेलं असताना साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाई दारात उभ्या होत्या. “दिवे गेले तर मी आणि नातू आत अडकणार का?” त्यांनी मला विचारलं. मी तो प्रश्न पुढे केला. उत्तर लाल दोरीचं होतं, पण एका अटीवर: दोरी ओढायची ती दार पूर्ण बंद असतानाच. दार उघडं असेल आणि स्प्रिंग तुटलेली असेल, तर दोरी ओढताच सगळं वजन खाली कोसळतं. स्प्रिंग तुटते तेव्हा बंदुकीच्या बारासारखा आवाज होतो. तो ऐकला, किंवा स्प्रिंगमध्ये दोनेक इंचांची फट दिसली, तर दाराला हात न लावता फोन करायचा. सासूबाईंनी बंद दारावर दोरी ओढून पाहिली, दार उचलून पाहिलं, मग त्यांचं समाधान झालं.

आपल्या घरांत दुपारभर मुलांजवळ बहुधा आजी-आजोबाच असतात आणि त्यांनी आयुष्यभर हाताने ओढायचं शटर पाहिलेलं असतं. भारतातून कुणी राहायला आलं की गॅस आणि डिशवॉशर दाखवतो तसंच त्यांना हे दारही दाखवा. पुण्या-नाशिककडे बंगल्यांना रिमोटची शटरं आणि सरकती फाटकं बसवणाऱ्यांनीही बसवणाऱ्या माणसाला पैसे देण्याआधी विचारावं, की मध्ये काही आलं तर हे थांबतं का, आणि फळी ठेवून ते समोर करून घ्यावं. आमच्याकडे आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फळी आणि झाडूचा दांडा निघतो. पाच मिनिटं लागतात. तुमच्या दाराखाली या आठवड्यात एकदा फळी ठेवून पाहा, आणि दार परत वर गेलं नाही तर दुरुस्त होईपर्यंत ते मोटरने चालवू नका.