ग्योर्लिट्झला जायचं तर मुक्कामाला

युरोपची सहल आखणारे नातेवाईक मला हमखास विचारतात, "जर्मनीच्या पार पूर्वेच्या टोकाला ते ग्योर्लिट्झ, तेवढ्यासाठी वाट वाकडी करावी का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. करावी, पण मुक्कामाला जावं आणि नदीपलीकडचं अर्धं गाव पाहिल्याशिवाय परतू नये.

हे गाव मुळात एकच होतं, नाइसे नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं. ७ मे १९४५ रोजी, महायुद्ध संपता संपता, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं इथले पूल उडवले. पुढे नदी हीच सीमा ठरली. पश्चिमेचा काठ जर्मनीत राहिला आणि पूर्वेचा काठ पोलंडमधलं झ्गोझेलेत्स झाला. तिथल्या जर्मनांना घरंदारं सोडावी लागली. त्यांच्या जागी आलेली कित्येक पोलिश कुटुंबं स्वतःच आणखी पूर्वेकडून विस्थापित झालेली होती. यादवी युद्धातून जीव वाचवून आलेले ग्रीक निर्वासितही काही वर्षं इथे राहिले.

जर्मन काठ बॉम्बहल्ल्यांतून जवळजवळ सहीसलामत वाचला. सुमारे ४,००० संरक्षित वास्तू इथे आहेत. त्यांच्या डागडुजीसाठी १९९५ पासून वीसेक वर्षं एका दात्यानं दरसाल दहा लाख मार्क, आणि पुढे तेवढ्याच रकमेचे युरो दिले. अट एकच होती, नाव उघड करायचं नाही. उंटरमार्क्ट चौकात एका घराच्या दगडी कमानीला खोबण आहे. एका टोकाशी कुजबुजलं की दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला शब्द स्पष्ट ऐकू येतात. मुलांना तिथून हलवणं कठीण जातं.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो याकोब ब्योमे. जोडे शिवून पोट भरणारा हा तत्त्वज्ञ १६२४ मध्ये वारला. त्याचं घर आज पोलंडमध्ये आहे आणि थडगं जर्मनीत. २००४ साली नवा पादचारी पूल झाल्यामुळे दोन्ही ठिकाणं रमतगमत, पायी पाहता येतात. सीमा माणसांच्या आयुष्यात कशी घुसते, हे मला कुठल्याही नकाशापेक्षा या वाटेवर जास्त कळलं.

पलीकडे गेलात की पिएरोगी खा. बटाटा आणि ताज्या चीजचं सारण भरलेल्या, उकडलेल्या करंज्याच त्या. वर डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात, म्हणून शाकाहारी मंडळींनी आधीच सांगावं. चलन झ्लॉटी आहे. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो, पण मधूनमधून तपासणी होते. तेव्हा पासपोर्ट हॉटेलात ठेवून निघू नका.

पहिल्यांदाच युरोपला चालला असाल आणि हातात जेमतेम आठवडा असेल, तर हे गाव सोडा. त्या आठवड्यावर पॅरिसचा किंवा आल्प्सचा हक्क मोठा. ड्रेस्डेनपर्यंत जाणार असाल, तर मात्र तिथून रेल्वेनं हे जेमतेम दीड तासावर आहे. सकाळी येऊन दुपारी परतणाऱ्यांना सुंदर दर्शनी भिंती तेवढ्या दिसतात. संध्याकाळी भाजीच्या पिशव्या घेऊन पूल ओलांडणारी माणसं पाहायची, तर रात्री इथेच थांबायला हवं. पूल तोडणाऱ्या पिढीनंतर तो रोजच्या वापरात आणणारी पिढी कशी आली, हे पाहण्यासाठी एक रात्र खर्च करणं मला मुळीच महाग वाटत नाही.