अडीचशे मायक्रॉनचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यात ‘लेझरचे ऑपरेशन’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. दारव्हा-दिग्रसकडच्या एखाद्या आजीचा मोतीबिंदू लेझरने काढला असे घरचे सांगतात, तेव्हा बहुधा तो फेको पद्धतीने, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींच्या कंपनाने फोडून काढलेला असतो. पण तिचा विशीतला नातू चष्मा सुटावा म्हणून नागपूरची बस धरतो, तेव्हा त्याच्या डोळ्यावर खरोखरच लेझर चालणार असतो. या दुसऱ्या शस्त्रक्रियेचे प्रचलित नाव लॅसिक. तिच्याकडे लक्ष वेधले जाते ते एका विसंगतीमुळे: लेझरचे काम बहुधा मिनिटाच्या आत आटोपते, आणि तो चालवावा की नाही हे ठरवायला मात्र अर्धा दिवस जातो.

डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला पारपटल म्हणतात. त्याची मध्यभागीची जाडी सरासरी ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक असते. लॅसिकमध्ये या पडद्याचा सुमारे ११० मायक्रॉनचा वरचा पापुद्रा झाकणासारखा उचलला जातो, खालचा थर लेझरने मापात कमी केला जातो आणि पापुद्रा पुन्हा जागेवर बसवला जातो. बधिर करणाऱ्या थेंबांमुळे दुखत नाही. रुग्णाला जाणवतो तो दाब, काही क्षणांचा अंधार आणि जळक्या केसांसारखा वास.

हा वास अनेकांना घाबरवतो. वस्तुतः तेथे काही जळत नसते. १९८१ मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी यांनी १९३ नॅनोमीटर लहरलांबीच्या एक्सायमर लेझरने सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर रेघ कोरून पाहिली, तेव्हा कडेला करपल्याची खूण उमटली नव्हती. हे अतिनील किरण ऊतकातील रेणूंचे बंध तोडतात आणि सुटलेले कण हवेत उडतात; वास त्या कणांचा. म्हणजेच तो वास येतो, तेव्हा परत न मिळणारे काहीतरी डोळ्यातून गेलेले असते.

म्हणूनच या कामातील खरी महत्त्वाची व्यक्ती शस्त्रक्रियेच्या खोलीत नव्हे, तर बाहेरच्या अंधाऱ्या खोलीत सापडते. हनुवटी टेकवायला लावून पारपटलाचा नकाशा काढणारी, पापणीखाली कागदाची पट्टी अडकवून ५ मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजली हे मोजणारी, आधीच्या चष्म्यांचे नंबर पुन्हा पुन्हा विचारणारी ही तंत्रज्ञ रुग्णाला कंटाळवाणी वाटते. नंबर वर्षभर स्थिर नसेल, रुग्णाचे वय १८ पेक्षा कमी असेल, गर्भारपण किंवा स्तनपान चालू असेल, तर थांबावेच लागते. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स तपासणीआधी किमान आठवडा-दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून अधिक काळ काढून ठेवली नसेल, तर मापच चुकते. तिचा सगळा हिशेब अखेर एका आकड्याशी येतो, तो म्हणजे २५०. पापुद्रा आणि लेझरने गेलेला भाग वजा करून तळाशी किमान २५० मायक्रॉन उरले पाहिजेत, नाहीतर पारपटल कमकुवत होऊन पुढे फुगू शकते. उणे १ नंबरसाठी साधारण १२ ते १५ मायक्रॉन जातात. ज्याचे पारपटल ४८० आणि नंबर उणे ९, त्याच्याकडे १२ धरले तर २६२ उरतात, १५ धरले तर २३५. अशा डोळ्याला नकार देणारे केंद्र ग्राहक गमावते, पण रुग्णाच्या भरवशाला तेच अधिक पात्र ठरते.

जिल्ह्याचे हवामान आणि शेतीही या हिशेबात धरावी लागते. उन्हाळ्यातील कोरडी धग, जिनिंगमधील कापसाची उडती तूस आणि वणीकडची कोळशाची धूळ यांनी डोळे आधीच खाजरे झालेले असतात. लॅसिकनंतर काही महिने कोरडेपणा वाढतो आणि चोळणे तर पूर्णच वर्ज्य असते. २०१७ च्या खरिपात कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेने या जिल्ह्यात २० हून अधिक बळी घेतले. फवारा तोंडा-डोळ्यांवर कसा येतो हे येथे समजावून सांगावे लागत नाही. त्यामुळे शेतात राबणाऱ्याने शस्त्रक्रियेची तारीख फवारणीच्या हंगामाबाहेरच घेणे शहाणपणाचे. कबड्डी-कुस्ती खेळणाऱ्याने पापुद्रा न उचलणाऱ्या पीआरके पद्धतीबद्दल विचारावे. तिच्यात काही दिवस दुखते, पण मार लागून पापुद्रा सरकण्याचा धोका नसतो. भरतीसाठी चष्मा काढू पाहणाऱ्याने त्या पदाची वैद्यकीय अट आधी वाचावी, कारण ती पदागणिक बदलते.

नंबर गेला तरी डोळा तोच राहतो. मोठ्या उणे नंबरच्या लांबट डोळ्यात दृष्टिपटल सुटण्याचा धोका पुढेही असतो आणि चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागतोच. शस्त्रक्रियेआधीच्या मोजमापांचे कागद मात्र जपून ठेवावेत. पुढे कधी मोतीबिंदू झाला, तर बदललेल्या पारपटलावर कृत्रिम भिंगाचा नंबर काढताना डॉक्टर तेच कागद मागतील.