अस्सल मध : बाटलीची नव्हे, विकणाऱ्याची पारख करा

पावसाळा सरला की वस्तीत मधवाले दिसू लागतात. हातात बादली, बादलीत पोळ्याचा तुकडा आणि तोंडी, ‘आत्ताच जंगलातून काढलाय, ताई.’ दुसरीकडे किराणा दुकानात आणि मेडिकलमध्ये चकचकीत बाटल्या मांडलेल्या असतात. त्यांवर ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘रॉ’ असे शब्द छापलेले. प्रश्न दोन्हीकडे एकच : मध खरा कशावरून? रोजंदारीवर चालणाऱ्या घरात अर्धा किलो मधाचे पैसे ही लहान रक्कम नाही. शिवाय मध बहुतेक वेळा लेकरासाठी किंवा घरातल्या आजारी माणसासाठी घेतला जातो. म्हणून फसगत केवळ पैशांची राहत नाही.

भगवान बुद्धांनी भिक्खूंना आजारपणात घेण्यासाठी जी पाच औषधे सांगितली, त्यांत लोणी, तूप, तेल आणि काकवी यांच्याबरोबर मधही आहे. त्याच बुद्धांनी कालामांना हेही सांगितले की, ऐकीव आहे, परंपरेने चालत आले आहे, मोठ्या माणसाने सांगितले आहे, एवढ्यावर कशालाही खरे मानू नका. मधाबद्दलच्या समजुतींनाही हीच कसोटी लावू या.

घरगुती परीक्षा किती खऱ्या?

पाण्याच्या पेल्यात थेंब टाकला आणि तो तळाशी गेला, तर मध खरा, असे आपण मानतो. थेंब तळाशी जातो तो घट्ट आणि जड असतो म्हणून. साखरेचा किंवा तांदळाचा घट्ट पाकही तसाच तळाशी जातो. कापसाची वात मधात बुडवून पेटवली आणि ती तडतडली, तर मधात पाणी जास्त आहे एवढेच कळते. पाणी घातलेला मध या दोन परीक्षांत सापडू शकतो, पण घट्ट पाक घातलेला सापडत नाही. खऱ्या मधाला मुंगी लागत नाही, हा तर निव्वळ गैरसमज. मधात सुमारे ऐंशी टक्के साखरच असते, मुंगी का सोडेल?

बादलीतला पोळ्याचा तुकडा पाहूनही भुलू नका. तुकडा खरा असतो, त्याच्याभोवतीचा पाक कशाचा आहे हे तो सांगत नाही.

उलट एका गोष्टीमुळे आपण चांगला मध टाकून देतो. थंडीत बाटलीच्या तळाशी दाणेदार थर बसला की ‘साखर मिसळली’ असे वाटते. पण बरेचसे अस्सल मध आपोआप कणीदार होतात. मोहरीच्या फुलांचा मध तर लवकर गोठतो. मधातल्या ग्लुकोजचे खडे बनतात, एवढेच. बाटली कोमट पाण्यात ठेवली की मध पुन्हा पातळ होतो. गॅसवर तापवू नका. मात्र गोठला म्हणून अस्सल आणि गोठला नाही म्हणून नकली, असाही नियम नाही.

मोठ्या नावाची बाटली घेतली तर?

डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने बाजारातल्या १३ ब्रँडच्या मधाची तपासणी जाहीर केली. काही नमुने एनएमआर नावाच्या प्रगत चाचणीसाठी जर्मनीतल्या प्रयोगशाळेत पाठवले होते. २२ नमुन्यांपैकी फक्त ५ नमुने सगळ्या चाचण्यांत उतरले. आपल्या देशातल्या नेहमीच्या चाचण्यांत मात्र बहुतेक ब्रँड पास झाले होते. कंपन्यांनी हे निष्कर्ष नाकारले. पण भेसळीचा पाक प्रयोगशाळेलाही चकवू शकतो, हा मुद्दा त्यातून पुढे आला. मग पेल्यातल्या पाण्याची काय कथा?

यातून दुसरीही गोष्ट शिकायची. दारावर येणारा मधवाला आदिवासी किंवा भटक्या-विमुक्त समाजाचा आहे म्हणून तो लबाड आणि काचेच्या दुकानातला शेठ प्रामाणिक, असे मानू नका. जात पाहून संशय घेणे काय असते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पारख करायची ती माणसाच्या उत्तरांची.

कोणते प्रश्न विचाराल?

मध कोणत्या माशीचा, हा पहिला प्रश्न. आग्या माशी मोठी आणि तापट. ती उंच झाडावर, कड्यावर उघड्यावर मोहोळ बांधते, पेटीत राहत नाही. ‘आग्या मोहोळाचा पेटीतला मध’ असे कुणी सांगितले तर तिथेच थांबा. पेटीत पाळतात ती सातेरी किंवा परदेशातून आणलेली मेलिफेरा.

दुसरा प्रश्न, कोणत्या फुलोऱ्याचा आणि कधी काढला? सह्याद्रीत जांभूळ, हिरडा, गेळा अशा झाडांचा मध मिळतो. कारवी एका डोंगरावर साधारण सात वर्षांतून एकदाच फुलते. मग त्याच गावचा ताजा कारवीचा मध दरवर्षी कसा मिळेल? भर पावसात तर तिथे माशांनाच खायला कमी पडते. तेव्हा ‘आजच काढला’ म्हणणाऱ्याला जास्त खोदून विचारा.

तिसरा प्रश्न, मध तापवला आहे का? ‘रॉ’ म्हणजे कच्चा मध. तो न तापवता नुसता गाळलेला असतो. त्यात मेणाचे, परागाचे कण दिसू शकतात. कारखान्यात मध तापवून बारीक गाळतात, म्हणजे तो लवकर गोठत नाही आणि काचेसारखा स्वच्छ दिसतो. तापवलेला मध नकली नसतो. पण ‘रॉ’ या शब्दासाठी जादा पैसे मोजत असाल, तर हा प्रश्न विचारायलाच हवा.

मध काढणाऱ्या माणसाला ही उत्तरे पाठ करावी लागत नाहीत. तो सहज सांगतो, वर दोन गोष्टी जास्तच सांगतो. नुसता विकणारा मात्र अडखळतो.

मिळेल कुठे?

महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. त्याच तालुक्यातले मांघर हे २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. कोल्हापूर जिल्ह्यातले पाटगावही मधाचे गाव आहे. खादी भांडारे, मधपाळांच्या सहकारी संस्था आणि जिल्ह्याच्या ठिकाणी भरणारी बचत गटांची प्रदर्शने इथे मध काढणाऱ्याशी थेट बोलता येते. पहिल्यांदा छोटी बाटली घ्या. पुढच्या वर्षी त्याच माणसाकडे जा.

बंद बाटलीवर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, भरल्याची तारीख आणि भरणाऱ्याचा पत्ता पाहा. यामुळे मध अस्सल ठरत नाही, पण तक्रार कुणाविरुद्ध करायची ते ठरते. म्हणून पावती घ्या आणि जपून ठेवा.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे साधा ग्राहकही ठरलेली फी भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. मात्र खरेदी करतानाच विक्रेत्याला तसे सांगावे लागते. एवढे सांगितले तरी पुष्कळांचा सूर बदलतो. फसवणूक झाली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मध अस्सल असला तरी

तीन गोष्टी मात्र अस्सल मधालाही लागू आहेत.

पहिली : एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका. बोटाने चाटवू नका, गुटीत घालू नका. मधात बोट्युलिझम नावाच्या आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाला ते सहसा बाधत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढतात आणि विष तयार करतात. बाळाला शौचाला होत नाही, रडणे क्षीण होते, अंग लुळे पडते, दूध ओढता येत नाही. अशी लक्षणे दिसली तर ताबडतोब सरकारी रुग्णालय गाठा. आजीला हे समजावताना भांडू नका. तिने प्रेमानेच बोट पुढे केलेले असते. पण बाळाच्या ओठापर्यंत ते जाऊ देऊ नका.

दुसरी : मधुमेह असलेल्यांनी मधाला औषध समजू नये. चहाच्या एका चमचाभर मधात साधारण सहा ग्रॅम साखर असते. साखरेऐवजी मध घेतला म्हणजे पथ्य पाळले, असे होत नाही. सुरू असलेल्या गोळ्या किंवा इन्सुलिन तर मुळीच बंद करू नका.

तिसरी : एक वर्षावरच्या मुलांना आणि मोठ्यांना साध्या खोकल्यात चमचाभर मधाने घशाला आराम पडतो. पण खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला, ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर मध चाटत घरी बसू नका. क्षयरोगाची तपासणी आणि उपचार सरकारी दवाखान्यात मोफत होतात. वस्तीतल्या दाटीच्या घरांत एकाचा उशीर साऱ्या घराला भोवतो.

एकट्या बाईला प्रश्न विचारायला संकोच वाटतो, दहा जणींना वाटत नाही. विहारातल्या महिला मंडळाने वर्गणी काढून मधपाळाकडून एकदम मध आणला, तर प्रवासखर्च वाटला जातो, भावही बरा पडतो. शंका आली तर तपासणीची फीही वाटून भरता येते. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर दहा मिनिटे या विषयाला द्या. ज्या घरात तान्हे बाळ आहे, त्या घराला त्या दिवशी आवर्जून बोलवा.