साल्व्हिनिया : पाण्यावर तरंगणारा नेचा

शहरांतील दिवाणखान्यांत काचेची पेटी ठेवून तींत रंगीत मासे पाळण्याचा छंद पुष्कळ घरांतून दिसतो. अशा पेटींत पाण्याच्या पृष्ठभागावर पुष्कळदां एक लहानसें हिरवें झाड सोडलेलें असतें. त्याचीं पानें जोडीजोडीनें पसरलेलीं असून त्यांवर मखमलीसारखी लव असते. बोटानें पाण्यांत दाबलीं तरी तीं कोरडींच वर येतात. माशांना त्यामुळें सावली मिळते, पिलांना लपावयास जागा मिळते आणि घरांतील मंडळींच्या डोळ्यांना विसावा मिळतो. या झाडाचें नांव साल्व्हिनिया. पेटींत असेपर्यंत त्याचा कोणास त्रास नाहीं. परंतु तें पेटीबाहेर पडलें म्हणजे काय होतें, हें जगांतील अनेक नद्यांनीं आणि तलावांनीं अनुभविलें आहे.

फ्लॉरेन्स येथील ग्रीक भाषेचे अध्यापक आन्तोनिओ मारिया साल्व्हिनी (१६५३–१७२९) यांच्या नांवावरून या प्रजातीस हें नांव मिळालें. तींत सुमारें दहा-बारा जाति आहेत. आपल्याकडे ‘जलपर्णी’ म्हणून ओळखली जाणारी वनस्पति जांभळ्या फुलांची. साल्व्हिनियास मात्र फूल कधींच येत नाहीं, कारण तो नेच्यांच्या वर्गांतील आहे. प्रत्येक पेऱ्यावर तीन पानें असतात. दोन पाण्यावर तरंगतात. तिसरें पाण्याखालीं राहून इतकें चिरत जातें कीं, पाहणारास तें मूळच वाटावें. खरें मूळ या झाडास नाहींच.

या प्रजातींतील सर्वांत प्रबळ जातीस शास्त्रज्ञांनीं ‘मोलेस्टा’ म्हणजे ‘उपद्रवी’ असें नांव दिलें आहे. तिच्या पानांवरील केस चार-चारांच्या गटांनीं उगवतात आणि त्यांचीं टोकें पुन्हां एकत्र जुळतात. अंडें फेटण्याच्या तारेच्या रवीसारखा त्यांचा आकार दिसतो. या केसांत हवा अडकून राहते, म्हणून पान भिजत नाहीं. दुसरें नवल असें कीं, या जातींत गुणसूत्रांचे पांच संच असल्यामुळें तिचीं बीजुकें निकामी असतात. तिचा वंश केवळ तुकड्यांनीं वाढतो. पण ही उणीव तिला मुळींच बाधत नाहीं. अनुकूल हवापाण्यांत तिची वाढ दोन-तीन दिवसांत दुप्पट होते. तीन दिवसांचा हिशेब धरला तरी एका रोपाचीं महिन्याअखेर हजारांवर रोपें होतात!

ही जात मूळची ब्राझीलच्या आग्नेय भागांतील. १९३९ सालीं ती सिंहलद्वीपांत पोहोंचली. आफ्रिकेंत झांबेझी नदीवरील करीबा धरणांत १९५८ च्या अखेरीस पाणी अडूं लागलें. १९६२ पर्यंत त्या जलाशयाचा सुमारें एक हजार चौरस किलोमीटर पृष्ठभाग या हिरव्या गालिच्यानें झांकून टाकला. न्यू गिनी बेटांतील सेपिक नदीच्या खोऱ्यांत तर सुमारें अडीचशें चौरस किलोमीटर पाणी त्याखालीं गेलें. तेथें होडी हेंच गांवकऱ्यांचें वाहन. वनस्पतीचा थर इतका दाट झाला कीं, होडी पुढें सरकेना. मासे धरतां येईनात, साबुदाण्याचीं झाडें तोडावयास जातां येईना, आजाऱ्यास दवाखान्यांत नेतां येईना. कित्येक वस्त्या ओस पडल्या. थराखालीं उजेड पोहोंचत नाहीं आणि पाण्यांतील प्राणवायु कमी होतो, त्यामुळें जलचरांचीहि तीच दशा होते.

उपाय शोधतांना एक चूक झाली. हें झाड ‘ऑरिक्युलाटा’ या दुसऱ्या जातीचें आहे अशी समजूत होती; म्हणून त्या जातीवर जगणारे कीटक दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागांतून आणले गेले. त्यांचा फारसा उपयोग झाला नाहीं. १९७२ सालीं डी. एस. मिचेल यांनीं ही जात निराळी असल्याचें दाखविलें. मग तिच्या खऱ्या माहेराचा शोध सुरू झाला आणि १९७८ सालीं तें ब्राझीलमध्यें सांपडलें. तेथें या झाडावर जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचा, काळ्या रंगाचा एक सोंडकिडा जगत होता. प्रौढ किडे कोंवळे अंकुर खातात आणि अळ्या खोड पोंखरतात.

१९८० सालीं ऑस्ट्रेलियांतील मूंडारा जलाशयांत हे किडे सोडले. वर्ष-सव्वा वर्षांत तेथील जवळजवळ सर्व वनस्पति बुडाली. पुढें सेपिक खोऱ्यांत मात्र किडे आरंभीं वाढेनात. झाडांत नत्र कमी असल्यामुळें त्यांना पुरेसें पोषण मिळत नव्हतें. तेव्हां शास्त्रज्ञांनीं तणालाच युरियाचें खत घातलें! किडे पोसले गेले, वाढले आणि नदी मोकळी झाली. या कार्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांस १९८५ सालीं युनेस्कोचें विज्ञान-पारितोषिक मिळालें. त्याच सालीं हा किडाहि नवीनच जातीचा ठरून त्यास ‘सिर्टोबेगस साल्व्हिनी’ हें नांव मिळालें.

भारतांत हें तण केरळांत फार माजलें. तेथें त्यास ‘आफ्रिकन पायल’ म्हणतात. मल्याळी भाषेंत पायल म्हणजे शेवाळ. भाताचीं शेतें आणि होड्यांचे कालवे त्यानें व्यापले. १९८३ सालापासून ऑस्ट्रेलियांतून आणलेला हाच किडा बंगलोर येथें व केरळांत सोडण्यांत आला आणि तेथेंहि तो यशस्वी झाला.

सेपिकच्या खोऱ्यावर जें संकट आलें, त्याचा आरंभ मूठभर रोपांतूनच झाला असला पाहिजे. कारण या झाडास एक तुकडा पुरतो. म्हणून पेटी स्वच्छ करतांना काढलेलीं रोपें नाल्यांत, विहिरींत किंवा तलावांत टाकूं नयेत. तीं उन्हांत पसरून पूर्ण वाळवावींत आणि मग मातींत पुरावींत. पेटींतील पाणीहि गटारांत न ओततां कुंडीला घालावें. एवढी दक्षता घेतली, तर पेटींतील हिरवी शोभा पेटींतच राहील.