बाऊलचा नफा लेथवर नाही, ओंडक्याच्या कापणीत ठरतो!

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण लाकडी बाऊलचा व्यवसाय बघितला. लेथ कोणती घ्यायची, हत्यारं कोणती, हे सगळं तिथे आहेच. पण ज्या भागावर तुमचा नफा-तोटा ठरतो, तो भाग व्हिडिओत घाईत उरकावा लागला. तो म्हणजे, ओंडक्यातून बाऊलचे ब्लँक कसे काढायचे? ब्लँक म्हणजे लेथवर चढवण्याआधीचा गोल कापलेला ठोकळा. आज हे शांतपणे समजून घेऊ.

लाटणं वेगळं, बाऊल वेगळा

कातकाम आपल्याकडे नवीन नाही. लाटणं, भोवरा, पाळण्याच्या कांबी हे सगळं कातारी पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. पण लाटण्यात लाकडाच्या रेषा लेथच्या लांबीच्या दिशेने जातात. बाऊलमध्ये त्या आडव्या जातात. म्हणून बाऊलचा ब्लँक ओंडक्याची चकती कापून काढत नाहीत. चकतीच्या मध्यभागी गाभा राहतो आणि वाळताना ती हमखास फाटते. ओंडका आधी उभा चिरायचा आणि त्या अर्ध्या भागातून ब्लँक काढायचा.

लाकूड फाटतं का?

ओलं लाकूड वाळताना आकसतं, पण सगळीकडून सारखं नाही. लांबीत जवळजवळ आकसत नाही. ओंडक्याच्या तोंडावर कडी दिसतात ना, त्या कड्यांच्या दिशेने ते जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच मध्यापासून सालीकडे आकसतं. ही ओढाताण सहन झाली नाही की तडा जातो. मधला ठिपका, म्हणजे गाभा, लाकडात राहिला तर तडा बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो.

दुसरं कारण म्हणजे कापलेल्या तोंडातून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी पट वेगाने उडतं. तोंड आधी वाळतं, आतला भाग ओला राहतो, आणि तोंडाला चिरा पडतात.

म्हणजे लढाई दोन गोष्टींशी आहे: गाभा काढायचा आणि तोंडं झाकायची.

कापणीचा क्रम

१. ओंडका लांबच ठेवा. झाड पडल्यावर दोन्ही तोंडांना लगेच मेण किंवा ऑइल पेंटचे दोन-तीन जाड हात द्या. सावलीत, जमिनीपासून वर, दोन आडव्या लाकडांवर ठेवा. एक-दोन दिवसांत जेवढे ब्लँक होतील तेवढेच तुकडे कापा. आंब्याच्या बाबतीत तर अजिबात रेंगाळू नका, त्याला बुरशीचे डाग आणि कीड फार लवकर लागते.

२. टोकाचे तडे गेलेले इंच आधी काढून टाका. मग बाऊलच्या व्यासापेक्षा इंचभर जास्त लांबीचे तुकडे पाडा. १२ इंची ब्लँक हवा तर तुकडा १३ इंचांचा.

३. तोंडावर खडूने गाभ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक इंच सोडून दोन समांतर रेषा मारा. या रेषांवर उभं चिरा. मधली दोन इंची फळी बाजूला ठेवा. तिच्यातला गाभा काढला की दोन चांगल्या पट्ट्या उरतात. त्यात पळी, उलथणं, हत्यारांच्या मुठी निघतात.

४. उरलेल्या दोन अर्ध्या भागांची साल असलेली बाजू थोडी सपाट करा. ती बाऊलची बैठक. गाभ्याकडची बाजू म्हणजे बाऊलचं तोंड. तिच्यावर पुठ्ठ्याचं गोल वर्तुळ ठेवून आखा आणि बँडसॉवर गोल कापा.

५. ब्लँक त्याच दिवशी लेथवर जाणार नसेल तर लगेच मेण लावा. मेण थेट आचेवर वितळवू नका, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवा.

सुरक्षेचं एक सांगतो. गोल ओंडका बँडसॉवर नुसता हाताने धरून ढकलू नका, तो पात्याखाली गरकन फिरतो. खाचेच्या चौकटीत पक्का बसवा. आणि लेथवर हातमोजे घालायचे नाहीत, ते अडकतात. तोंडावर फेस शील्ड मात्र हवंच.

आता हिशोब

बऱ्याच वखारींत गोल लाकूड असं मोजतात: मधला घेर इंचात घ्या, त्याला ४ ने भागा, उत्तराचा वर्ग करा, फुटातल्या लांबीने गुणा आणि १४४ ने भागा. उत्तर घनफुटात येतं.

४८ इंच घेर आणि १० फूट लांबी असेल तर १२ × १२ × १० ÷ १४४ = १० घनफूट. अशा ओंडक्याचा व्यास सव्वापंधरा इंच भरतो. १३ इंची ८ तुकडे, प्रत्येकी २ ब्लँक, म्हणजे १६ ब्लँक. आरीची जाडी आणि टोकांची छाटणी धरूनही हे बसतं.

समजा वाहतूक, चिराई, मेण धरून ओंडका तुम्हाला ८,००० रुपयांना पडला. (आकडा उदाहरणापुरता, तुमच्या गावचा भाव टाका.)

- १६ चे १६ टिकले: एक ब्लँक ५०० रुपयांना
- ४ फाटले: साधारण ६६७ रुपयांना
- ८ फाटले: थेट १,००० रुपयांना!

बघा, लाकूड तेच, मेहनत तीच. फक्त तडे वाढले आणि कच्च्या मालाचा खर्च दुप्पट झाला. वखारीत घासाघीस करून ५०० रुपये वाचवणारे आपण मेणाचा खर्च टाळतो आणि चार ब्लँक घालवतो.

पैसा कुठे अडकतो?

ओल्या लाकडाचा बाऊल एकदम पातळ करून विकला तर तो वाळताना अंड्यासारखा लांबट होतो. म्हणून दोनदा कातायचा. पहिल्यांदा भिंत व्यासाच्या एक दशांश जाड ठेवायची. १२ इंचांना साधारण सव्वा इंच. ही जाडी वाकडेपणा झाला तरी पुन्हा गोल करायला पुरते. मग वारा न लागणाऱ्या जागी, कागदी पिशवीत किंवा त्याच्याच ढलप्यांमध्ये ठेवून सावकाश वाळवायचं.

प्रत्येक बाऊलवर तारीख आणि वजन लिहा. दर आठवड्याला वजन करा. तीन-चार आठवडे वजन हललं नाही की तो दुसऱ्यांदा कातायला तयार. पावसाळ्यात लाकूड हवेतलं पाणी परत ओढतं, तेव्हा वजन वाढलेलं दिसलं तर घाबरू नका. फक्त फिनिशिंगची घाई करू नका.

समजा वाळायला ६ महिने लागले आणि दरमहा एक ओंडका कापला, तर पहिली विक्री होण्याआधी ४८,००० रुपये नुसत्या लाकडात बसले. वीज, भाडं, स्वतःचा पगार वेगळा. माल चांगला असूनही बरेच जण इथेच दमतात. म्हणून पहिल्या सहा महिन्यांचा खर्च आधी बाजूला काढा. आणि मधल्या काळात कोरड्या लाकडाची लाटणी, मुठी, पळ्या यांच्यावर दुकान चालू ठेवा.

कागदपत्रांचं विसरू नका

आंबा, फणस, चिंच, साग, खैर ही झाडं महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. झाड स्वतःच्या शेतातलं असलं तरी तोडायला परवानगी लागते. शहरी भागासाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे, तिथे वृक्ष प्राधिकरणाकडे जावं लागतं. सॉ मिल चालवायला वन विभागाचा परवाना हवा. म्हणून सुरुवातीला परवानाधारक मिलमधून चिरून घ्या, पक्कं बिल घ्या, आणि वाहतूक पास लागतो का हे वनपरिक्षेत्र कार्यालयात आधीच विचारा. आणखी एक: वाळवीचं औषध मारलेलं लाकूड खाण्याच्या बाऊलला कधीच वापरायचं नाही.

या आठवड्याचं काम

लेथचं कोटेशन मागवण्याआधी एकच छोटा ओंडका घ्या. परवानाधारक मिलमधून वरच्या क्रमाने चिरून त्याचे चार ब्लँक काढा. दोघांना मेण लावा, दोन तसेच ठेवा. महिन्याभरात कोणते फाटले ते वहीत लिहा. लाखाची मशीन घ्यायची की थांबायचं, हे ठरवायला ही वही मोठी मदत करेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत, विषय आहे बाऊलची किंमत कशी ठरवायची. तोपर्यंत कापा कमी, मोजा जास्त!