पाच लाखांचा फूटपाथ: महापालिकेच्या बजेटमध्ये आपण कुठे बसतो?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ऑफिसमध्ये हेडफोन विसरलात, त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोलताना केलेलं 'अं... म्हणजे...' काढून टाकलंय, बाकी सगळं तेच.

सुरुवात माझ्या फजितीने करतो. आमच्या सोसायटीपासून बस स्टॉपपर्यंत जायला फूटपाथ आहे, पण मध्येच तो संपतो. आजी तिथे रस्त्यावर उतरते आणि मागून येणाऱ्या दुचाकीकडे बघत बघत चालते. फेब्रुवारीत महापालिकेच्या बजेटची बातमी वाचली आणि मी जोशात एक लांबलचक ईमेल लिहिला. खालच्या मजल्यावरच्या काकांना दाखवला. काका हसले. म्हणाले, "अरे, पंगत उठल्यावर पान मांडायला आलास!"

काकांचं बरोबर होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर फीचर फ्रीझ होऊन चार महिने झाल्यावर मी रिक्वेस्ट टाकली होती.

अर्ज कधी, बजेट कधी?

पुणे महापालिकेने २००६ मध्ये सहभागी अंदाजपत्रक सुरू केलं. म्हणजे काय, तर पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये आपल्या भागात कोणतं छोटं काम व्हावं, हे नागरिकांनी सुचवायचं. मूळ कल्पना ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे या शहराची. तिथे १९८९ मध्ये हा प्रयोग सुरू झाला. तिथले लोक वस्तीच्या सभेत बसून कोणतं काम आधी, कोणतं नंतर हे ठरवायचे. पुण्यात मात्र मुख्य साधन आहे अर्ज.

हे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घेतात, वॉर्ड ऑफिसमध्ये म्हणजे क्षेत्रीय कार्यालयात आणि ऑनलाइनसुद्धा. मग पालिकेचे इंजिनिअर बघतात की जागा पालिकेची आहे का, काम तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे का, खर्च किती येईल. पुढे प्रभाग समितीत चर्चा होते. त्यानंतर यादी आयुक्तांच्या अंदाजपत्रकात जाते, मग स्थायी समिती, मग मुख्य सभा. १ एप्रिलला नवं आर्थिक वर्ष सुरू. म्हणजे फेब्रुवारीत टीव्हीवर बजेटची चर्चा रंगते, तेव्हा आपल्या हातातली खिडकी केव्हाच बंद झालेली असते. ती उघडी असते गणपतीच्या आसपास, आणि तेव्हा आपण ढोलाच्या सरावाला!

किती पैशांची गोष्ट आहे?

एका कामाची मर्यादा ५ लाख रुपयांच्या आसपास राहिलेली आहे. फूटपाथ, पथदिवे, बाक, बस स्टॉप, सार्वजनिक स्वच्छतागृह अशी कामं त्यात बसतात. उड्डाणपूल बसत नाही. पुणे महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट १२ हजार ६०० कोटींच्या वर होतं. गणित करा: ५ लाख म्हणजे त्याचा अडीच लाखावा हिस्सा.

मग एवढ्याशा तुकड्यासाठी कशाला धडपड? कारण शहराचा आराखडा करणाऱ्याला आमचा संपलेला फूटपाथ दिसत नाही. आजीला तो रोज दिसतो. ५ लाखांची माहिती तिच्याकडे आहे आणि १२ हजार कोटींची पालिकेकडे. दोघांची गाठ घालून द्यायची हीच एक जागा.

गावात हक्क, शहरात अर्ज

इथे एक फरक समजून घ्या. महाराष्ट्रातल्या गावात ग्रामसभा हा कायद्याने दिलेला हक्क आहे. गावचा प्रत्येक मतदार तिचा सदस्य. वर्षात किमान चार सभा घ्याव्याच लागतात. कोरम असतो १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी जे कमी असेल ते. सरपंचाला समोर उभं करून हिशोब विचारता येतो.

शहरात तसं नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने ३ लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या आल्या, पण त्यात प्रामुख्याने नगरसेवक बसतात. तुम्ही-आम्ही त्या समितीचे मतदार-सदस्य नसतो. आपण 'सुचवतो', ठरवत नाही. आणि पुण्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच कारभार बघत होते. त्या काळात तर नागरिकाचं म्हणणं आत पोचवायला अर्जासारखे मोजकेच रस्ते उरले होते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: शहरात अर्ज टाकणं ही अर्धीच गोष्ट. बाकीची अर्धी म्हणजे पाठपुरावा.

दुसऱ्या वर्षी मी काय बदललं

पहिला ईमेल होता 'आमच्या भागातले फूटपाथ सुधारा'. असा बग रिपोर्ट माझ्या टीममध्ये कुणी टाकला तर मीच तो बंद करीन! दुसऱ्या वर्षी वेळेत अर्ज केला आणि त्यात लिहिलं: अमुक दुकानापासून बस स्टॉपपर्यंत, पावलांनी मोजून साधारण ४० मीटर, उजवी बाजू. चार फोटो, गुगल मॅपचं लोकेशन, आणि शेजारच्या ज्येष्ठ नागरिकांच्या सह्या. पोच घेतली. इंजिनिअर साहेबांबरोबर जाऊन जागा दाखवली. काम यादीत आलं.

बजेट मंजूर झालं की आपल्या भागाची कामांची यादी उघडून आपलं काम आहे का बघा. आहे, पण वर्ष सरत आलं तरी टेंडर निघालं नाही? माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपये शुल्क, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते.

शेवटचं, आणि महत्त्वाचं

अर्ज कोण करतं बघा. ज्याच्याकडे फोन, वेळ आणि फॉर्म भरायची सवय आहे, तो. म्हणजे आपणच. त्यामुळे बाक बागेत येतो आणि वस्तीतल्या गल्लीत दिवा येत नाही, असं सहज होऊ शकतं, कुणी मुद्दाम न करताही.

माझ्या यादीत आजी होती, पण आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी नव्हत्या. त्यांना विचारलं तेव्हा कळलं, की त्या पहाटे साडेपाचला ज्या गल्लीतून येतात तिथे दिवाच नाही. मी त्या वेळी झोपलेला असतो, मला कसं दिसणार? पुढच्या अर्जात ती गल्ली पहिली. अर्ज त्यांच्या नावाने, टाइप मी करणार.

तर मंडळी, आत्ताच फोनमध्ये १ ऑगस्टचं रिमाइंडर लावा: 'वॉर्ड ऑफिस'. पुण्याबाहेर असाल तर आपल्या पालिकेत अशी सोय आहे का विचारा, आणि गावी असाल तर पुढच्या ग्रामसभेची तारीख विचारा. आणि फॉर्म भरायच्या आधी ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही अशा एका माणसाला विचारा, "तुम्हाला रोज काय अडतं?"

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर फूटपाथ असेल तर फूटपाथवरूनच चाला!