हिओसचा काळा किनारा रिकामा का राहिला?

एजियन समुद्रातले हिओस हे ग्रीक बेट तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून जेमतेम सात-आठ किलोमीटरवर आहे. त्याच्या दक्षिण अंगाला एंपोरिओस हे चिमुकले बंदर आणि बंदरालगतच्या टेकाडाला वळसा घातला की मावरा व्होलिया हा किनारा. वाळूचा कण नाही. सगळे गोटे, आणि तेही काळेकुळकुळीत. लक्षावधी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा हा खडक लाटांनी असा घासला आहे की ओला गोटा हातात घेतला तर शाळिग्राम वाटावा. (घरी मात्र नेता येत नाही, गोटे उचलण्यावर बंदी आहे.) भर उन्हात इथे अनवाणी चालायची सोय नाही. पाणी चार पावलांत खोल होते. ते गढूळ होत नाही, पण तळच काळा असल्याने लांबून गडद दिसते. मागे कडा उभा आहे. किनाऱ्यावर हॉटेल नाही, भाड्याच्या खाटा-छत्र्यांच्या रांगा नाहीत. अशा जागांना पर्यटनाची पुस्तके ‘निसर्गाने जपलेल्या’ म्हणून मोकळी होतात. निसर्गाने काहीही जपलेले नाही. हा किनारा मोकळा राहिला, कारण बेटाची चूल त्याच्यावर कधी अवलंबूनच नव्हती.

किनारा रिकामा का, यावर पहिले उत्तर येते ते गोट्यांचे: टोचणाऱ्या किनाऱ्यावर कोण लोळणार? पण फ्रान्समधल्या नीस शहराचा किनारा गोट्यांचाच आहे आणि तिथे उन्हाळ्यात टॉवेल पसरायला जागा शोधावी लागते. त्याहून बोलके उदाहरण ग्रीसमधलेच आहे. सांतोरिनी बेटावरचा कामारी किनाराही ज्वालामुखीच्या काळ्या खड्यांचा आणि वाळूचा, तितकाच तापणारा. तिथे मात्र छत्र्यांच्या ओळी आणि त्यांच्या पाठीला हॉटेलांची रांग आहे. दगड एकाच जातीचा, नशीब वेगळे. सांतोरिनीत १९५६च्या भूकंपाने घरेदारे पाडली, कितीतरी कुटुंबे बेट सोडून गेली. शेती तुटपुंजी, पाण्याची वानवा. पुढच्या दशकांत पर्यटक आले तेव्हा त्यांना नाही म्हणण्याची ऐपत त्या बेटात उरली नव्हती.

हिओसकडे ती होती, आणि बरीच जुनी होती. दक्षिण हिओसमध्ये मस्तकीची झुडुपे आहेत. उन्हाळ्यात त्यांच्या बुंध्याला बारीक चिरा देतात, खाली पांढरी माती पसरतात आणि त्या मातीवर ठिबकून गोठलेले डिंकाचे थेंब वेचतात. ही झाडे भूमध्य समुद्राभोवती इतरत्रही वाढतात, पण व्यापारी दर्जाचा असा डिंक इथेच निघतो. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात ‘रुमी मस्तकी’ म्हणून मिळतो तो हाच. १३४६ ते १५६६ या काळात बेट इटलीतल्या जिनोव्हाच्या व्यापाऱ्यांच्या ताब्यात होते. त्यांनी या पिकाचा मक्ता सांभाळण्यासाठी आणि चाच्यांपासून बचावासाठी पिर्गी, मेस्ता, ओलिंबी अशी गावे किल्ल्यासारखी बांधून घेतली: बाहेरच्या घरांच्या भिंती हाच तट, बोळ अरुंद आणि वेडेवाकडे. ही गावे समुद्रावर नाहीत, आत आहेत. म्हणजे सागरकिनारा रिकामा ठेवून जगण्याची घडी इथे पर्यटनाचा शब्दही जन्माला येण्याआधी बसली होती. १९३८ साली उत्पादकांची सहकारी संघटना उभी राहिली आणि मस्तकीची विक्री आजही तिच्याच हातात आहे. दुसरा आधार जहाजांचा. हिओसमधले कार्दामिला हे गाव आणि शेजारचे इनूसेस हे ठिपक्याएवढे बेट यांनी ग्रीसला लिव्हानोस, लेमोस यांच्यासारखी जहाजमालक घराणी दिली आणि त्यांच्या जहाजांवर खलाशी, इंजिनिअर, कप्तान म्हणून बेटावरची माणसे पिढ्यान् पिढ्या गेली. महिन्याचा पगार दर्यावरून येत असेल तर दाराजवळच्या किनाऱ्यावर खाट भाड्याने द्यायची घाई कुणाला?

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, हिओसच्या विमानतळाची धावपट्टी आखूड आहे, युरोपातून थेट येणारी मोठी जेट विमाने तिथे उतरत नाहीत, विषय संपला. वस्तुस्थिती खरी आहे, पण तिला कारण म्हणताना उलटी गाठ बसते. ज्या बेटांना प्रवासी हवे होते त्यांनी धावपट्ट्या करून घेतल्या. हिओसची आखूड राहिली, कारण ती लांबवल्यावाचून बेटाचे अडले नव्हते. ‘अस्पर्श’ हे विशेषणही इथे टिकत नाही. ब्रिटिश स्कूल ॲट अथेन्सने १९५२ ते १९५५ या वर्षांत एंपोरिओसला उत्खनन केले, तेव्हा बंदराजवळ नवाश्मयुगापासूनची वस्ती सापडली आणि शेजारच्या टेकडीवर इसवी सनापूर्वी सातव्या शतकातले, अथेनाचे देवस्थान असलेले गाव. म्हणजे आज आपण ज्याला निवांत कोपरा म्हणतो तो एके काळी आजच्यापेक्षा गजबजलेला होता. रिकामेपण ही या जागेची मूळ अवस्था नव्हे, ती नंतरची कमाई आहे.

अधिक अवघड आक्षेप वेगळाच. मागासलेपणाचे कौतुक नेहमी पाहुणा करतो; घरच्याला रोजगार हवा असतो. हे मान्य करायलाच हवे. मस्तकी वेचणे, निवडणे, एकेक थेंब साफ करणे हे डोळे आणि पाठ मोडणारे काम आहे, आणि जहाजांचा पैसा सगळ्या घरांत सारखा पोचला असेही नाही. पण पर्याय काय हे पाहायचे तर पारोस बेटाकडे बघावे. ग्रीसमध्ये किनारा कायद्याने सार्वजनिक आहे. तरीही तिथल्या लोकांना २०२३च्या उन्हाळ्यात टॉवेल घेऊन मोर्चे काढावे लागले, कारण खाटावाल्यांनी त्यांना त्यांच्याच समुद्रावर बसायला जागा ठेवली नव्हती. त्यानंतर २०२४ साली सरकारने कायदा केला: भाड्याने दिलेल्या किनाऱ्याचा निम्मा भाग मोकळा ठेवायचा, आणि १९८ किनाऱ्यांवर खाटा-छत्र्यांना साफ मनाई. कायदा चांगला आहे, पण तो उशिरा आला. मस्तकीच्या सहकारी संघटनेने जे काम न ठरवता केले, ते कायद्याला दंडाच्या धाकाने करावे लागते आहे.

म्हणून मावरा व्होलियाची काळजी वाहायची तर किनाऱ्यावरच्या कचऱ्यापेक्षा मळ्यांची वाहावी. २०१२च्या ऑगस्टमध्ये दक्षिण हिओसमध्ये मोठा वणवा लागला आणि मस्तकीची असंख्य झाडे जळाली. नव्या रोपाला पहिली चीर द्यायला पाचेक वर्षे थांबावे लागते आणि भरघोस डिंक त्यानंतरही कितीतरी वर्षांनी मिळतो. त्या काळात घर चालवायला पैसा लागतो, आणि उन्हाळ्यात खोल्या भाड्याने देण्याइतका सोपा मार्ग दुसरा नाही. उन्हाळे जसे कोरडे होत जातील तसे वणवेही वाढतील. एखाद्या गावाने जळालेला मळा पुन्हा लावायचा की एंपोरिओसच्या वाटेवर हॉटेल बांधायचे, याचा हिशेब प्रत्येक वणव्यानंतर नव्याने मांडला जाणार आहे.